ठरावावरचा अंगठा

आमच्या ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या रजिस्टरात, एक ठराव आहे. जगातल्या ज्या देशांनी अपंगांच्या हक्कांचा करार अजून पक्का केलेला नाही, त्यांनी तो लवकर पक्का करावा, असं त्यात लिहिलं आहे. ठराव जो मांडतो त्याला सूचक म्हणतात. या ठरावाखाली सूचक म्हणून माझ्या लेकीचं नाव आहे आणि नावापुढे डाव्या हाताचा अंगठा आहे. अंगठा तिचाच आहे, पण तो तिनं लावलेला नाही. मी लावला. तिची मूठ उघडून, शाईवर दाबून, मी लावला.

हे मी कुणाला वाचायला देण्यासाठी लिहीत नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. लेकीच्या जुन्या वह्यांत मागची पानं कोरी आहेत, त्यांत लिहिते. राग आतच राहिला की शिलाई मशीनवर बसून टाका वाकडा जातो, म्हणून लिहिते.

माझी लेक बावीस वर्षांची आहे. जन्मली तेव्हा लवकर रडली नाही. तेव्हापासून तिचे हातपाय ताठ आहेत. चालता येत नाही. बोलते ती एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखी. ऐकणाऱ्याला वाटतं हिला समजत नाही. तिला सगळं समजतं, आणि समजत नाही असं लोकांना वाटतं हेही समजतं. राजूरहून हसनाबादकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथल्या शाळेत मी तिला सातवीपर्यंत कडेवर नेली. पाचवी, सहावी, सातवी मी तिच्याबरोबरच शिकले, नुसती परीक्षा दिली नाही. आता मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लेकीचे वडील, आमचे मालक, राजूरला गणपतीच्या देवळापाशी नारळाच्या दुकानात कामाला आहेत, सकाळी जातात ते दिवस मावळल्यावर येतात.

सरकारी कागदावर आता अपंग लिहीत नाहीत, दिव्यांग लिहितात. शब्द बदलला. पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

लेक सही शिकली ती सतराव्या वर्षी, डाव्या हातानं. पेन तिच्या बोटांत टिकत नव्हता, म्हणून मी पेनाला अस्तराच्या कापडाची पट्टी गुंडाळून तो लहान वांग्याएवढा जाड केला. तीन अक्षरांचं नाव. एक सही होईपर्यंत गॅसवरचा चहा उकळून उतू जातो. दोन सह्या एकसारख्या येत नाहीत. कधी वेलांटी आभाळात जाते, कधी शेवटचं अक्षर ओळीखाली उतरतं. पण सही तिची असते. तरी कोणत्याही कामाला गेलो की समोरचा माणूस माझ्याकडे बघून म्हणतो, "अंगठा घ्या हिचा." तिच्याकडे बघतसुद्धा नाही. बावीस वर्षांच्या बाईचा अंगठा तिच्या आईकडे मागतात.

आता ग्रामसभेचं सांगते. आमच्याकडे ग्रामसभेला पंधरा-वीस माणसं येतात, त्यातली अर्धी चहाला. सभेला जेवढी माणसं लागतात, तो कोरम भरत नाही. मग ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर काखेत मारतो, शाईचं पॅड खिशात घालतो आणि घरोघर फिरून सह्या-अंगठे गोळा करतो. कोरम भरतो. बायांना तर सभा कशी असते हेच माहीत नाही. सभा आमच्या दारात येते, आम्ही हातातलं पीठ झटकून सही करतो आणि सभा निघून जाते. सरपंच बाई आहेत, पण खुर्चीवर त्यांचे मालक बसतात. त्यांचीसुद्धा सही घरीच होते. यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट बरं वाटायचं, पुरुषांत जाऊन बसावं लागत नाही म्हणून.

एके दिवशी जालन्याहून एक ताई आल्या. एका संस्थेत काम करतात. दोन्ही काखांत कुबड्या, पाठीला पिशवी. बचत गटाच्या बाया आमच्या अंगणात बसतात, कारण लेकीची चाकाची खुर्ची तिथपर्यंत येते. तिथं त्या ताईंनी कराराचं सांगितलं. सगळ्या जगातल्या देशांनी मिळून अपंगांसाठी एक करार केला आहे. त्यांना शिकायचा, काम करायचा, कुठंही जायचा-यायचा, सगळ्यांसारखा कारभारात भाग घ्यायचा हक्क आहे, असा. काही देशांनी त्यावर नुसती सही केली आहे, पुढे पक्का केलेला नाही.

"सही आन् पक्कं करणं, यात फरक काय?" एकीनं विचारलं.

"सही म्हणजे सुपारी फुटली," ताई म्हणाल्या. "पक्का केला म्हणजे अक्षता पडल्या. मंग मागं फिरता येत न्हाई. आपल्या देशानं दोन्ही कधीचं करून टाकलं. पण काही देश सुपारी फोडून बसलेत, तारीखच काढत न्हाईत. त्यात एक लई मोठा देश हाय."

आमच्या शेजारच्या खाला तिथं बसल्या होत्या. त्यांचे मालक, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, डोळ्यांनी अंध आहेत. खाला म्हणाल्या, "मोठा हाय ना? मंग वो लडकेवालेच होंगे!"

सगळ्या हसल्या. ताईपण हसल्या. म्हणाल्या, त्या देशांना गावागावांतून ठराव पाठवायचे आहेत, पत्रं पाठवायची आहेत. एवढ्या लांबच्या खेड्यातली माणसं विचारून राह्यलीत म्हटल्यावर त्यांना लाज वाटली पाहिजे. तुमच्याही ग्रामसभेनं ठराव घ्यावा.

माझ्या मनात आलं, ताई, आपल्या देशानं अक्षता टाकल्या हे बरं झालं, पण नांदवतं कोण? लग्न लावून दारात उभी करायची आणि आत घ्यायचीच नाही, अशा किती पाहिल्यात आम्ही. पण मी बोलले नाही. काजं करायचं काम हातात होतं, ते करत राहिले.

बोलली माझी लेक. "त्या... करारात... ग्रामसभा... आहे का?"

एवढं म्हणायला तिला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ताई थांबल्या. मधे शब्द भरला नाही. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्याकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आहे. गावाच्या कारभारात बसायचा, बोलायचा तुझा हक्क आहे. आणि ग्रामसभेत तर तू अठरा वर्षांची झालीस तेव्हापासूनच आहेस. तुला कुणी सांगितलं न्हाई का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मीपण नाही. मला तरी कुठं माहीत होतं.

त्या दिवसापासून लेकीनं एकच धरलं. ग्रामसभेत ती स्वतः जाणार, तो ठराव ती स्वतः मांडणार आणि खाली सही करणार. तिनं वाक्य बसवलं. "बाकीच्या देशांनी हा करार पक्का करावा, असा मी ठराव मांडते." मी मशीन चालवायची आणि ती माझ्यामागे बसून म्हणायची. मशीनच्या आवाजात तिचे शब्द बुडायचे, म्हणून ती बोलायला लागली की मी पाय थांबवायची. दिवसाला दोन ब्लाउज मागे पडले. "मी... मांडते" इथं तिची मान कलायची आणि ती हसायची. मी तिला शब्द दिला, की तुला घेऊन जाईन.

शब्द दिला खरा, पण तिथं जायचं कसं? ग्रामपंचायतीचं नवं ऑफिस पाच पायऱ्यांवर आहे. बाजूला रॅम्प आहे, नाही असं नाही. नीट सिमेंटचा, कडेला लोखंडी दांडी. पण रॅम्प ज्या दाराला जातो त्या दाराला कुलूप असतं आणि दाराच्या आत छतापर्यंत प्लास्टिकच्या खुर्च्या रचलेल्या आहेत. इमारत झाली तेव्हा रॅम्पचा फोटो काढून वर पाठवला. फोटोत कुलूप दिसत नाही. तेव्हापासून तिथं कुणाची सोयाबीन वाळते, कुणाची हळद.

मग पायऱ्यांवरून तिला चार माणसं उचलणार. तिला उचललेलं आवडत नाही. चाकाची खुर्ची मिळाली त्या कार्यक्रमात तिला खुर्चीसकट स्टेजवर चढवली, पाहुण्यांनी हार घातला, फोटो झाला आणि पाहुणे जेवायला गेले. ती वरच राहिली. मी खाली उभी, कुणाला म्हणू? शेवटी मंडपवाले सतरंज्या गोळा करायला आले, त्यांनी उतरवली. तेव्हाही मी तोंडातून शब्द काढला नव्हता.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी शिपाई दारात आला.

"वैनी, सह्या. जल्दी करा."

"सभा उद्या हाय ना?"

"उद्याची आजच उरकून घेऊन राह्यलो. उद्या जालन्याचे पाहुणे येणार, फोटो निघणार. त्यांच्यापुढं कोरम कमी पडला तर गावाची काय इज्जत?" त्यानं रजिस्टर मशीनवर ठेवलं आणि पान उलटलं. "हे बघा, तुमच्या पोरीचं नाव लिहिलंय साहेबांनी. सूचक! अपंगांचा ठराव, अपंगच सूचक. बराबर शोभतं. घ्या, अंगठा घ्या हिचा."

साहेब म्हणजे ग्रामसेवक. ठराव लिहून तयार होता. सर्वानुमते मंजूर, हेही लिहून झालं होतं.

लेक म्हणाली, "मी... येणार... उद्या."

"येऊन काय करतीस, बाई? तुझं काम घरपोच आणून दिलं ना."

"सही... करते."

तिनं पेनाकडे हात नेला. शिपाई माझ्याकडे बघून हसला. "हिची सही होईस्तोवर ते सगळे देश पक्के होऊन बसतील! वैनी, अर्धं गाव फिरायचं राह्यलंय माझं."

आणि मी हसले. लाजेनं हसले, पण हसले. लेकीनं ते पाहिलं.

तिला राग आला की तिची मूठ मिटते, ती दगडासारखी. ती उघडायची एक खुबी आहे, दुसऱ्या कुणाला माहीत नाही. मनगट आतल्या बाजूला हळूच वाकवायचं, बोटं आपोआप सुटतात. त्याच खुबीनं मी तिला लहानपणी आंघोळ घातली, नखं काढली, बांगड्या भरल्या. त्याच खुबीनं त्या दिवशी मी तिची मूठ उघडली. अंगठा पॅडवर दाबला, रजिस्टरवर दाबला. मला वाटत होतं, एकदाचं होऊन जाऊ दे. उद्याच्या पायऱ्या टळल्या, पुरुषांच्या नजरा टळल्या, मला बोलावं लागणं टळलं. खरं तेच आहे. शिपायाचा दोष मी मागाहून काढला. हात माझा होता.

"बघा, किती सोपं," असं म्हणून तो गेला.

लेक मला एवढंच म्हणाली, "तू... लावलास."

मी ओला रुमाल घेऊन शाई पुसायला गेले तर तिनं हात मांडीखाली धरला. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, अंगठा झाला, आता सभेला जाऊन काय करायचं? तिनं भिंतीकडे तोंड केलं. आठ दिवस तिनं डाव्या हाताला मला शिवू दिलं नाही. घास मी भरवायची, तर ती उजव्या हातानं आपणच खायला लागली. निम्मं अंगावर सांडायचं. सांडू दे, पण माझा हात नको. मशीनमागून वाक्य ऐकू येईना. मशीन बिनथांब्याची चालायला लागली आणि मला तिचा आवाज सहन होईना.

खाला म्हणाल्या, "क्या गे, छोरी बात नै करती तुझसे?"

मी सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आमच्या यांचा भी अंगठा घेतला त्यानं. राशन का है बोला." चाचा आत बाजेवर बसले होते, ते म्हणाले, "मेरेकू क्या मालूम बेटी, किस पे लगाया." आंधळ्या माणसाचा अंगठा, रेशनचा आहे सांगून, आंधळ्यांच्या हक्काच्या ठरावाला. मी घरी येऊन पाणी प्यायले आणि तांब्या इतका जोरात ठेवला की त्याला पोचा पडला. तो पोचा अजून आहे.

पंधरा दिवसांनी ताई परत आल्या. एसटीची पायरी त्यांच्या कमरेइतकी, तरी आल्या. लोकांकडून पत्रं लिहून घ्यायची होती. पिशवीतून पेढे काढले. "आई, तुमच्या लेकीनं ठराव मांडला! सभेत मला म्हणाले, तब्येतीमुळं येऊ शकली न्हाई, पण ठराव तिचाच. प्रतीवर तिचं नाव बघून मला रडू आलं." त्यांनी ठरावाची प्रत फायलीतून काढून लेकीच्या मांडीवर ठेवली.

लेकीनं प्रत वाचली. मग माझ्याकडे बघितलं. ताईंना सगळं सांगायला तिला अर्धा तास लागला असता, पण प्रश्न वेळेचा नव्हता. ती बघत होती की मी बोलते का.

मी म्हणाले, "ताई, हा ठराव खोटा हाय."

एकदा तोंड उघडलं आणि मग मला थांबता येईना. रजिस्टर घरी आलं ते सांगितलं, रेशन म्हणून चाचांचा अंगठा घेतला ते सांगितलं. तिची तब्येत ठणठणीत होती, मी मूठ उघडली, मी हसले, तेही सांगितलं. ताईंचा चेहरा उतरला. त्या हळू म्हणाल्या, "आई, चूक झाली खरी. पण लई गावांचे ठराव एकत्र पाठवून राह्यलो. एका गावाचा मागं घेतला तर बाकीच्यांवर भी शंका येती. हेतू तर चांगला होता ना सगळ्यांचा?"

मला इतका राग आयुष्यात कुणाचा आला नसेल, आणि तो आला त्या बिचारीचा. "ताई, तुम्ही म्हणाल्या आपल्या देशानं अक्षता टाकल्या. बरं केलं. पण नांदवलं का? पोरीला सभेत जायला दार न्हाई आन् आम्ही परक्या देशाला सांगून राह्यलो, दार उघडा म्हणून? त्या मोठ्या देशातली एखादी अशीच पोरगी हा कागद वाचील. तिला वाटंल, त्या गावात लई चांगलं हाय. तिला खोटं सांगायचं का आपण? माझ्या पोरीचा अंगठा दाखवून?"

माझा आवाज फाटला. अंगणात कोंबड्या पांगल्या. ताईंनी फाईल परत उघडली. मग त्यांनी सभेच्या दिवशीचा, सरपंचांच्या मालकांबरोबरचा स्वतःचा पायरीवरचा फोटो बाहेर काढला. त्यात एका माणसानं त्यांना काखेत धरून वर ओढलेलं दिसत होतं. "नका धरू म्हणलं होतं मी," त्या म्हणाल्या. "मला भी हसायलाच लावलं, बघा." आणि ठरावाची प्रत त्यांनी फायलीत परत ठेवली नाही. लेकीलाच देऊन गेल्या. "तुझी हाय. खरी करून दे, मंग पाठवते. न्हाई झाली तर तुझं गाव यादीत न्हाई."

पेढे तसेच राहिले. सांजच्याला लेकीनं त्यातला एक खाल्ला. माझ्या हातून नाही, पण खाल्ला.

पुढच्या ग्रामसभेच्या दिवशी चतुर्थी होती, मालक पहाटेच राजूरला गेले होते. मी लेकीला आंघोळ घातली, इस्त्रीची ओढणी दिली, जाड पेन तिच्या मांडीवर ठेवला आणि घराला कुलूप घातलं. खाला चाचांना घेऊन निघाल्या. खालांच्या हातात वीट होती. "रस्ते में काम आती," म्हणाल्या. रॅम्पवर कुणाची तरी सोयाबीन पसरलेली. मी तिथल्याच केरसुणीनं ती बाजूला लोटली. रॅम्प इतका उभा आहे की मी खुर्ची दोन हात वर ढकलली की ती एक हात खाली यायची. तेव्हा विटेचं काम कळलं. मी ढकलायची, खाला चाकामागं वीट लावायच्या. चाचा लोखंडी दांडी धरून मागून. असे आम्ही त्या दारापाशी पोचलो आणि मी दार वाजवलं.

आतून आवाज आला, "कोण हाय? पुढून या!"

"पुढून पायऱ्या हायत," मी म्हणाले.

"मंग थांबा, पोरं पाठवतो उचलायला."

लेक म्हणाली, "उचलू... नका." आतल्यांना ऐकू गेलं नाही. मी तेच मोठ्यानं म्हणाले, "उचलायचं न्हाई! दार उघडा!" मी, जी दुकानात सुतळीचा भाव विचारायला लाजते.

आत कुजबुज झाली. मग ग्रामसेवक खिडकीतून म्हणाले, "अहो ताई, चावी शिपायाकडं हाय."

"शिपाई कुठं हाय?"

आतला एकजण हसू दाबत म्हणाला, "रजिस्टर घेऊन गेलाय, सह्या आणायला."

सभा चालू होती आणि सभेच्या दाराची चावी सभेच्या सह्या आणायला गावात फिरत होती. मी दार वाजवत राहिले. थांबले नाही. मला माहीत होतं, थांबले तर परत लाज वाटेल. तळहात लाल झाला तेव्हा खालांनी त्यांच्या चपलेनं वाजवलं. अर्ध्या तासानं शिपाई धापा टाकत आला. "वैनी, तुमच्याच घरी गेल्तो मी! कुलूप हाय!"

"हो," मी म्हणाले. "आम्ही सभेला आल्तो."

कुलूप निघालं, पण दार आत जाईना, खुर्च्या अडकल्या. मग एकेक खुर्ची काढली. त्यात एक गंमत झाली. उभी राहिलेली माणसं त्या खुर्च्यांवर बसली, म्हणजे खुर्च्या होत्या तेव्हाही तिथं माणसं उभीच राहायची. शेवटी चाक उंबऱ्यावरून आत गेलं. सरपंचांच्या खुर्चीवर बसलेले त्यांचे मालक म्हणाले, "हां, बोला वैनी, काय अर्ज हाय?"

"अर्ज न्हाई. बोलायचं तिला हाय. मला न्हाई."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती घाबरली की तिची मान जास्त कलते. एकजण म्हणाला, "राहू द्या हो, लिहून द्या." कुणाचा तरी मोबाइल वाजला. मी शब्द भरला नाही. जिभेवर आला होता, गिळला.

"मागच्या... ठरावावर... अंगठा... माझा. पण... मी... मांडला न्हाई." तिनं श्वास घेतला. "आज... मांडते. बाकीच्या... देशांनी... करार... पक्का करावा. आन्... आपल्या... गावानं... हे दार... उघडं ठेवावं."

ग्रामसेवक म्हणाले, "ते दोन ठराव होतात, ताई."

"दोन... लिहा."

कुणीतरी मागं फसकन हसलं, पण ते तिच्यावर नव्हतं. ग्रामसेवकांनी मान खाली घालून दोन लिहिले. विरोध कुणी केला नाही. गाव चांगलं आहे म्हणून नव्हे. एवढ्या दार वाजवण्यानंतर विरोध करायला तोंड कुणाला होतं? चाचांना प्रत्येक ओळ वाचून दाखवावी लागली. "हां, अब पढो, मेरा अंगठा किस पे है," असं ते दर ओळीला म्हणत होते. मग रजिस्टर लेकीच्या मांडीवर आलं. तिनं दोन सह्या केल्या. पहिली चौकटीतून निघून शिपायाच्या नावावर चढली. तेवढा वेळ कुणी उठलं नाही. शिपाई चहाची किटली हातात धरून उभा होता. चहा निवला.

नवी प्रत ताईंकडे गेली आणि पुढे त्या देशांकडे गेली असेल. त्यांनी पक्कं केलं की नाही, मला माहीत नाही. आमच्या त्या दाराला पुढच्या आठवड्यात परत कुलूप लागलं. विचारलं तर म्हणाले, खुर्च्या चोरीला जातील. पोरींचा हक्क गेलेला चालतो, खुर्च्या जायला नकोत. शिपाई अजून रजिस्टर घेऊन फिरतो. फक्त आमच्या गल्लीत येत नाही.

त्या दिवशी सभेवरून घरी आल्यावर मी तिची ओढणी काढली. पेनाची शाई गळून तिची डाव्या हाताची बोटं निळी झाली होती. मी मगात पाणी आणि साबण घेऊन बसले आणि वाट बघितली. तिनं हात माझ्यापुढे केला. मूठ मिटलेली होती, दमली की मिटते. माझा हात सवयीनं तिच्या मनगटाकडे गेला. मी तो मागं घेतला.

बराच वेळ गेला. एक बोट सुटलं, मग दुसरं. ती माझ्याकडे बघून तिरकं हसली आणि शिपायासारखा आवाज काढून म्हणाली, "वैनी... जल्दी... करू नका."